'आज कुणाला ऐकायला आलात?' : टोकियोच्या लाइव्ह हाऊसमध्ये पहिल्यांदा जाताना

टोकियोत राहायला आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षात फुजी बघतो, आसाकुसाला जातो आणि घरून पाहुणे आले की पुन्हा आसाकुसाला जातो. ऑफिसातला जो शांत सहकारी जेवणाच्या सुट्टीतही चार वाक्यांपलीकडे बोलत नाही, तो शनिवारी रात्री कुठल्याशा तळघरात घामाघूम होऊन बास गिटार वाजवतो, हे कळायला मात्र तिसरं वर्ष उजाडतं. मला तरी तसंच कळलं. त्यानंतर मी अशा तळघरांत इतका रमलो की आता मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास विचारतं, "तू जातोस ना तिकडे, आम्हालाही सांग की कसं जायचं." ते एकदाच नीट लिहून ठेवतो.

या तळघरांना जपानीत 'राइबु हाउसु' म्हणतात, म्हणजे लाइव्ह हाऊस. शब्द इंग्रजी वाटला तरी जुळवलाय जपान्यांनीच. शंभर ते तीनशे माणसं उभी राहतील एवढी जागा, गुडघ्याएवढं स्टेज, एका कोपऱ्यात बार आणि दाराशी एक छोटं टेबल. वाजवणारे आणि ऐकणारे यांच्यात दोन हातांचं अंतर. छबिलदासच्या दिवसांबद्दल ज्येष्ठ मंडळी जे सांगतात, मोजके प्रेक्षक आणि नटाचा श्वाससुद्धा ऐकू येणं, त्याच्या जवळचं काही मला टोकियोत सापडलं असेल तर ते इथेच.

आधी भाग निवडा

नवख्या माणसाने शिमोकिताझावाला जावं. सगळे त्याला नुसतं 'शिमोकिता' म्हणतात. शिबुयाहून इनोकाशिरा लाईनने किंवा शिंजुकुहून ओदाक्यु लाईनने दहा मिनिटांच्या आत पोचता. स्टेशनपासून चालत जाता येतील अशी डझनभर ठिकाणं आहेत. १९९१ साली सुरू झालेलं 'शेल्टर' यातलं सर्वांत नावाजलेलं. एका गाजलेल्या ॲनिमेतला क्लब त्याच्यावरच बेतला असल्याने हल्ली बाहेरच्या जिन्याचे फोटो काढणारे जास्त आणि आत जाणारे कमी, असंही दिसतं. 'क्लब क्यु' १९९४ पासून चालू आहे. 'बेसमेंट बार' आणि 'थ्री' एकाच इमारतीच्या तळघरात शेजारी-शेजारी आहेत. कधी कधी दोन्हीकडे मिळून एकच कार्यक्रम असतो आणि लोक या दारातून त्या दारात ये-जा करत राहतात. एक स्टेशन पुढे, शिन्दाइताला उतरलात की समोरच 'फीव्हर' आहे.

दुसरा भाग कोएन्जी. शिमोकितापेक्षा खरबरीत आणि विक्षिप्त. पंक, नॉइझ, सायकेडेलिक अशी आवड असलेल्यांचं हे गाव. लाल रंगात न्हालेला 'यूएफओ क्लब' इथलाच. निशी-कासाईत राहणाऱ्या आपल्या मंडळींना कोएन्जीचा एक मोठा फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही: तोझाई लाईनची मिताकाला जाणारी लोकल पकडलीत तर गाडी न बदलता थेट कोएन्जी. गाडी नाकानोपर्यंतचीच असेल तर तिथे उतरून पिवळ्या पट्ट्याची लोकल घ्या. शनिवार-रविवारी नारिंगी पट्ट्याच्या चुओ रॅपिडमध्ये मात्र चढू नका. सुट्टीच्या दिवशी ती कोएन्जीला थांबतच नाही, आणि खिडकीतून कोएन्जी मागे जाताना बघण्याचा अनुभव मी घेतलेला आहे.

शिंजुकुचं 'लॉफ्ट' १९७६ पासूनचं, १९९९ मध्ये काबुकिचोत हललं. ते जरा मोठं आहे, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जा. क्योतोला जाणं झालंच तर 'ताकुताकु' चुकवू नका. साकेच्या जुन्या कोठारात १९७४ पासून चालू आहे, आणि तिथे वाजवून गेलेल्यांच्या नावांच्या, हाताने रंगवलेल्या पाट्यांनी भिंती भरल्या आहेत.

जाहिरात वाचायला शिका

प्रत्येक लाइव्ह हाऊसच्या संकेतस्थळावर महिन्याचं वेळापत्रक असतं. त्यात चार-पाच शब्द पुन्हा पुन्हा येतात, तेवढे ओळखता आले की पुरे.

'वनमन' म्हणजे संपूर्ण संध्याकाळ एकाच बँडची. 'ताइबान' म्हणजे एकाच संध्याकाळी तीन, चार, कधी पाच बँड, प्रत्येकी अर्धा तास. 'किकाकु' म्हणजे एखाद्या बँडने स्वतः ठरवलेला कार्यक्रम, ज्यात त्यांनी आपल्या आवडीच्या बँडना बोलावलेलं असतं. 'रेकोहात्सु' म्हणजे नवी सीडी किंवा रेकॉर्ड निघाल्याचा सोहळा. 'माएउरि' हे आगाऊ तिकीट आणि 'तोजित्सु' हे त्या दिवशी दारात मिळणारं, बहुधा पाचशे येनने महाग. लहान ठिकाणी आगाऊ तिकीट साधारण २,५०० ते ३,५०० येनच्या घरात असतं. त्यापुढे 'अधिक १ ड्रिंक' असं लिहिलेलं असतं, त्याकडे मी नंतर येतो.

पहिल्यांदा वनमनला जाऊ नका, असं मी हट्टाने सांगतो. तिथे सगळे त्या बँडचे जुने चाहते असतात, प्रत्येक गाण्यावर हात कधी वर करायचा हे त्यांना पाठ असतं, आणि तुम्ही परक्याच्या लग्नात शिरल्यासारखे उभे राहता. ताइबानला जा. शक्यतो किकाकु असलेलं ताइबान, कारण त्यात बँडची निवड कुणीतरी विचार करून केलेली असते. एखादा नाही आवडला तर अर्ध्या तासात तो संपतो.

यादीतल्या प्रत्येक बँडची दोन गाणी घरी यूट्यूबवर ऐका. त्यातला एक बँड मनात ठरवा. हा भाग टाळू नका, कारण दारात त्याची परीक्षा होणार आहे.

तिकीट : बँडला थेट सांगा

ई-प्लस, पिया, लॉसन अशा तिकीट विकणाऱ्या सेवा आहेत. त्यांवर नाव नोंदवताना जपानी मोबाइल नंबर लागू शकतो. पैसे कॉम्बिनीत, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, भरता येतात आणि तिकीट तिथेच छापून मिळतं. लॉसनमधल्या 'लोप्पि' यंत्रावर सगळं जपानीत असतं, पण काउंटरवरचा पोरगा दोन मिनिटांत करून देतो. मोठ्या कार्यक्रमांसाठी हाच रस्ता.

लहान कार्यक्रमांसाठी मात्र 'तोरिओकि' नावाची फार गोड पद्धत आहे. तोरिओकि म्हणजे बाजूला काढून ठेवणं. बँडला एक्सवर किंवा इन्स्टाग्रामवर निरोप पाठवायचा: अमुक तारखेचं एक तिकीट ठेवा, नाव अमुक. आगाऊ पैसे नाहीत, कार्ड नाही. बँडचाच कुणीतरी, बहुतेकदा ड्रमर, "ठेवलं, वाट बघतो" असं उत्तर देतो. त्या दिवशी दारात नाव सांगून आगाऊ तिकिटाच्या दराने पैसे द्यायचे. सगळा व्यवहार शब्दावर चालतो, म्हणून एकच नियम पाळा: जमणार नसेल तर आदल्या दिवशी तरी कळवा.

निरोप फोनच्या भाषांतरावर लिहिला तरी चालतो. वाक्य साधारण असं: 'हाजिमेमाशिते. जूगात्सु जूगोनिचि नो राइबु, इचिमाइ तोरिओकि ओनेगाइ शिमासु.' म्हणजे, नमस्कार, १५ ऑक्टोबरच्या कार्यक्रमाचं एक तिकीट कृपया ठेवा. नाव काताकानात लिहून द्या, नाहीतर ते आपल्या अंदाजाने लिहितील. मी कुलकर्णी. जपानीत 'ल' नाही, तेव्हा यादीत मी 'कुरुकारुनि-सामा' होतो ('सामा' म्हणजे श्रीयुत). एकदा रोमन अक्षरांत नाव पाठवलं तर दारातली मुलगी यादीवर बोट फिरवत बराच वेळ शोधत राहिली, आणि शेवटी मीच ते उलटं वाचून दाखवलं.

वेळ पाळा, अगदी मिनिटाला

जाहिरातीत 'ओपन १८:३०, स्टार्ट १९:००' असं असतं. १८:३० ला दार उघडतं आणि १९:०० म्हणजे १९:०० ला पहिला तंतू छेडला जातो. आपल्याकडे पत्रिकेवर सात लिहिलं की पावणेआठला हार घालणं चालू असतं, ती सवय घरी ठेवून या.

छापील तिकिटावर 'सेइरि बांगो' असेल तर तो आत जाण्याचा क्रमांक. दार उघडायच्या आधी लोक रस्त्यावर, जिन्यात, आपापल्या क्रमांकाप्रमाणे मुकाट्याने उभे राहिलेले असतात. कर्मचारी पाच-पाच, दहा-दहाच्या गटाने पुकारतो. जपानी आकडे कळत नसतील तर शेजारच्याला तिकीट दाखवा, तो खुणेने तुमची जागा दाखवेल. तुमचा क्रमांक येऊन गेला असेल तर काही बिघडत नाही, आल्याबरोबर आत जा, फक्त पुढची जागा गेली.

सुटे पैसे आणि हजाराच्या नोटा जवळ ठेवा. दाराशी पत्र्याच्या पेटीत पैसे ठेवणाऱ्या मुलीपुढे दहा हजारांची नोट धरली की मागची सगळी रांग थांबते. कुणी काही बोलत नाही, हेच जास्त लागतं.

दारातला प्रश्न

आता मुख्य गोष्ट. टेबलाशी पोचलात की विचारलं जाईल, "होन्जित्सु वा दोचिरा ओ मि नि?" किंवा नुसतं "ओमेआते वा?" म्हणजे, आज कुणाला बघायला आलात?

पहिल्या खेपेला मला वाटलं, ही औपचारिक चौकशी आहे. चार बँड होते, कुणाला वाईट वाटायला नको म्हणून मी आपल्या मराठी सौजन्याने म्हणालो, "झेंबु देसु", सगळेच. मुलगी हसली आणि कागदाच्या अगदी शेवटच्या रकान्यात एक रेघ मारली. तो रकाना कसला हे मला रात्री दहा वाजता समजलं.

गणित असं आहे. बऱ्याच लाइव्ह हाऊसमध्ये प्रत्येक बँडवर 'नोरुमा' असतो, म्हणजे ठरलेली तिकिटं खपवायची जबाबदारी. समजा, २,५०० येनची २० तिकिटं. म्हणजे ५०,००० येन बँडने जागेला द्यायचेच. त्यांच्या नावावर आठच माणसं आली तर उरलेल्या बारांचे ३०,००० येन बँड स्वतःच्या खिशातून भरतो. कॉम्बिनीत रात्रपाळी करणाऱ्या तीन-चार पोरांच्या खिशातून. नोरुमापेक्षा जास्त माणसं आली तर वरच्या तिकिटांतला काही वाटा बँडला मिळतो. सगळीकडे असं नसतं, काही जागांनी ही पद्धत सोडलीही आहे. पण कोण कुणासाठी आलं याची मोजणी बहुतेक ठिकाणी होते, आणि पुढच्या वेळी या बँडला बोलवायचं का, कुठल्या वाराला, कितव्या क्रमांकावर, हे त्या रेघांवरून ठरतं.

त्या रात्री मी ज्यांची गाणी आठवडाभर ऐकून गेलो होतो, त्या बँडच्या रकान्यात सात रेघा होत्या. त्यांच्या गायिकेनेच सीडीच्या टेबलावर हसत सांगितलं. मी आठवा असतो. माझी रेघ 'कुणीच नाही'च्या रकान्यात पडली होती.

तेव्हा एक नाव सांगा, एकच. उच्चार चुकला तरी चालेल, फोनवर नाव दाखवलं तरी चालेल. तोरिओकि केली असेल तर "तोरिओकि नो कुरुकारुनि देसु" एवढं पुरतं, रेघ आपोआप योग्य ठिकाणी पडते. तोरिओकिचा खरा उपयोग हाच. दुसरा एखादा बँड त्या रात्री अचानक जास्त आवडला तर पुढच्या महिन्यात त्याच्या नावाने या.

सहाशे येनचं पेय

तिकिटाशिवाय आणखी ५०० ते ७०० येन, बहुतेक ठिकाणी ६००, दारातच द्यावे लागतात. मी पीत नाही, मला नको, असं चालत नाही. लाइव्ह हाऊस कागदोपत्री बहुधा खानपानाची जागा म्हणून नोंदलेलं असतं, कारण नाट्यगृहासारखा परवाना घ्यायचा तर १९४८ च्या कायद्याच्या अटी फार कडक आहेत. तेव्हा कागदावर तुम्ही काहीतरी प्यायला आलेले असता आणि शेजारी योगायोगाने संगीत चालू असतं. या योगायोगावर इथला अर्धा संगीतव्यवहार उभा आहे.

पैशांच्या बदल्यात प्लास्टिकचं नाणं, गिटारची नखी किंवा कागदाचं तिकीट मिळतं. ते बारवर द्या आणि हवं ते घ्या. न पिणाऱ्यांनी 'उरोन-चा' मागावा, बिनसाखरेचा थंड ऊलाँग चहा. जिंजर एलही असतं. दारू मागणाऱ्याचं वय वीस हवं, ओळखपत्र जवळ ठेवा. नाणं खिशात विसरून घरी आणू नका. माझ्या टेबलाच्या खणात अशी तीन आहेत आणि बायको दर दिवाळीच्या साफसफाईत विचारते की ही कुठल्या देशाची.

एकदा आत गेल्यावर बाहेर पडून पुन्हा आत येता येईलच असं नाही, किंवा पुन्हा पेयाचे पैसे पडतात. काही खायचं ते आधी खाऊन घ्या, शाकाहाऱ्यांनी तर नक्कीच.

आत

पाठीवरची सॅक काढा. लॉकर असले तर थोडे आणि लगेच भरणारे, म्हणून मोठं सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून या. कानात घालायचे स्पंजचे बोळे आणा, शंभर येनच्या दुकानात मिळतात. लाज वाटून घेऊ नका, वाजवणारेही घालतात. सिगारेटच्या धुराची भीती आता फारशी नाही, एप्रिल २०२० च्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी ओढणाऱ्यांना वेगळ्या खोलीत किंवा बाहेर जावं लागतं.

पहिल्या बँडच्या वेळी एक गंमत दिसेल. स्टेजसमोर दोन मीटर जागा रिकामी आणि लोक मागे अर्धवर्तुळात उभे. ती जागा राखीव नाही, सगळे फक्त भिडस्त आहेत. पुढे जा. बँडला बरं वाटतं. मात्र कुणाच्या खास चाहत्यांचा घोळका पुढे आला तर त्यांच्या बँडपुरतं बाजूला सरकणं हा इथला न बोललेला करार आहे.

आणि आता आपल्या लोकांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट. आपण मैफिलीत वाढलेले. जागा सुंदर घेतली की 'वाह' तोंडातून निघतंच, शेजारच्याकडे बघून मान हलते. इथे गाणं चालू असताना कुणी बोलत नाही, कुजबुजतही नाही. हळू गाणं असेल तर बारवरचा माणूस बर्फसुद्धा जपून टाकतो. शेवटचा सूर विरेपर्यंत थांबतात, मग टाळ्या, आणि टाळ्या थांबल्या की पुन्हा शांतता. गायक त्या शांततेत गिटार जुळवत उभा. पहिल्यांदा मला वाटलं, कार्यक्रम पडला. पडला नव्हता. नंतर त्याच लोकांना सीडीच्या टेबलासमोर रांग लावताना पाहिलं. पंकच्या कार्यक्रमात अर्थात चित्र वेगळं असतं. तिथे धक्काबुक्की आणि आरडाओरडा चालतो, चष्मा सांभाळा.

फोटो काढायचे की नाही हे प्रत्येक जागेचं आणि बँडचं वेगळं असतं. भिंतीवर पाटी बघा, पाटी नसेल तर आजूबाजूला बघा. कुणाच्याच हातात फोन नसेल तर तुमचाही खिशात राहू द्या.

शेवटच्या बँडला 'तोरि' म्हणतात. शब्द आला आहे योसेमधून, म्हणजे जपानी कथाकथनाच्या पारंपरिक रंगमंचावरून, जिथे सर्वांत मानाचा कलाकार शेवटी बसतो. भैरवी कुणी म्हणायची यावरून आपल्याकडे जे मान-अपमान होतात ते आठवून मला हा शब्द एकदम घरचा वाटला. तोरिचं झालं की टाळ्या एका लयीत सुरू होतात आणि हळूहळू वेग धरतात. हा त्यांचा 'वन्स मोअर', फक्त तोंडाने सहसा कुणी म्हणत नाही.

बुप्पान, म्हणजे मागचं टेबल

दोन बँडच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं सामान बदलण्यात जातात आणि शेवटी अर्धा तास मिळतो. तेव्हा मागच्या भिंतीशी टेबलं लागतात: सीडी, टी-शर्ट, कॅसेट, घरी छापलेली पुस्तिका. आत्ता स्टेजवर किंचाळणारा माणूस गळ्यात टॉवेल टाकून तुमच्यासमोर बसलेला असतो आणि सुटे मोजून देतो. सीडी साधारण हजार ते अडीच हजार येन, पैसे रोख. टी-शर्ट आपल्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या, जपानी 'एल' आपल्या पोटाला प्रामाणिक नाही.

बोला त्यांच्याशी. "योकात्ता देसु" म्हणजे छान झालं, एवढ्यावर सुरुवात होते. कुठून आलात असं विचारतील. भारत म्हटलं की करी आणि योग येणारच, तो टोल भरून पुढे जा. कुठलं गाणं आवडलं ते सांगा. मला आलेली सर्वांत लांब जपानी संभाषणं याच टेबलांवर झाली आहेत, कारण समोरच्याला घाई नसते आणि विषय त्याच्या आवडीचा असतो. काही घेतलं नाही तरी चालतं.

परत जाताना

कार्यक्रम बहुधा साडेनऊ-दहाला संपतो. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात, तेव्हा घाई नाही, पण टेबलावर गप्पा रंगल्या तर घड्याळ बघत राहा. शिमोकिताहून निशी-कासाईला जायचं तर योयोगी-उएहाराला चियोदा लाईन आणि ओतेमाचीला तोझाई, अशा दोन बदल्या आहेत, आणि एक चुकली की टॅक्सीचा आकडा तिकीट, सीडी आणि टी-शर्ट मिळून झालेल्या खर्चाच्या पुढे जातो.

दारात शिरताना तुमच्या हातात पत्रकांचा एक जाडसर गठ्ठा दिला असेल. तो स्टेशनच्या कचऱ्यात टाकू नका. त्यात आज वाजवलेल्या बँडच्या पुढच्या महिन्याच्या तारखा असतात, पाठीमागे तोरिओकिसाठीचा पत्ता असतो. मी तो गाडीत बसल्यावर चाळतो, दोन पत्रकं ठेवतो, आणि ओतेमाची येईपर्यंत एक निरोप पाठवून मोकळा होतो: इचिमाइ, कुरुकारुनि.